नशा हराम आहे, म्हणून कायदा पाक होत नाही

आपल्या मोहल्ल्यांमधून नशेविरुद्ध निघणाऱ्या मोर्चांत अलीकडे एक मागणी हमखास असते. नशेच्या सौदागरांना जामीन नको, थेट फाशी द्या. जुम्याच्या बयानात तेच, चौकातल्या बॅनरवर तेच, पोलीस निरीक्षकांना द्यायच्या निवेदनातही तेच. एरवी एका सतरंजीवर न बसणाऱ्या जमाती या निवेदनावर शेजारी शेजारी सह्या करतात. नशेविरुद्धची ही एकजूट मला हवी आहे. पण 'जामीन नको' हे वाक्य मला त्या कागदावर नको आहे, आणि ते का नको ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रतिक्रिया काय येतील हे मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगून टाकते. नशा हराम आहे याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. मालेगाव-औरंगाबादच्या गल्ल्यांत 'कुत्ता गोली' आणि 'बटन' या नावांनी जे विकलं जातं त्या मुळात झोपेच्या आणि घबराटीच्या विकारांवर डॉक्टरांनी लिहून द्यायच्या गोळ्या आहेत, अल्प्राझोलाम आणि नायट्राझेपाम. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप त्याच रांगेत. आता एमडीची भर पडली आहे. शाळेत शिकवणाऱ्यांना हे पेपर वाचून कळत नाही. पहिल्याच तासाला बाकावर मान टाकलेला मुलगा दिसतो, वहीतलं अक्षर महिन्यागणिक बिघडताना दिसतं, आणि मग घरातून एकेक वस्तू कशी नाहीशी झाली याची यादी सांगत आई समोर उभी राहते. अशीच एक आई मला म्हणाली होती, "आपा, इसको थोडे दिन अंदर डालने लगाओ, शायद सुधर जाइंगा." आत म्हणजे काय, हे त्या बाईला माहीत नव्हतं. निवेदनावर सही करणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं?

आत टाकणारा कायदा १९८५ चा आहे. त्याचं सरकारी मराठी नाव 'गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम'. हे नाव म्हणून होईपर्यंत पोराला कोठडी झालेली असते, म्हणून वकिलापासून हवालदारापर्यंत सगळे त्याला एनडीपीएस म्हणतात. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. १९८९ च्या दुरुस्तीने जामिनाची दारं जवळपास बंद केली आणि ठरावीक प्रमाणावरचा गुन्हा दुसऱ्यांदा केल्यास सक्तीची फाशी आणली. २००१ मध्ये शिक्षा वजनाला बांधली गेली. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत 'थोडं', २५० ग्रॅमच्या वर 'कमर्शियल'. गांजा १ किलोपर्यंत थोडा, २० किलोच्या वर कमर्शियल. एमडी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. माल कमर्शियल ठरला की कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २०, आणि दंड किमान एक लाख रुपये.

शिक्षा कडक आहे ही माझी तक्रार नाही. पोरांच्या हातात विष देणाऱ्याला १० वर्षं झाली तर मी रडणार नाही. पण तो विष देणारा आहे हे ठरवायचं कसं? या कायद्याचं कलम ३५ म्हणतं की आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता, त्याला सगळं माहीत होतं, असं न्यायालयाने आधीच धरून चालावं. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करावं, आणि तेही संशयाला जागा न ठेवता. खुनाच्या खटल्यात ही कसोटी सरकारी वकिलाला लागते. इथे ती कठड्यातल्या माणसाला लावली आहे. कलम ५४ म्हणतं की माल ताब्यात सापडला आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर गुन्हा केला असं गृहीत. रिक्षात मागच्या सीटवर कुणीतरी विसरलेली पिशवी, चुलतभावाने 'संध्याकाळी नेतो' म्हणून ठेवलेलं खोकं. मला माहीत नव्हतं हे माहीत नसलेल्या माणसाने सिद्ध कसं करायचं? उर्दूच्या तासाला मी मुलांना 'लाइल्मी' हा शब्द शिकवते, अर्थ 'माहीत नसणं'. तिचा पुरावा कसा आणायचा असं एखाद्या मुलाने विचारलं तर माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याकडे तरी कुठे आहे?

आणि कलम ३७. कमर्शियल प्रमाण असेल तर, सरकारी वकिलाने विरोध केल्यावर, आरोपी निर्दोष आहे असं मानायला वाजवी कारण आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची न्यायाधीशाची खात्री पटल्याशिवाय जामीन नाही. साक्षीदार अजून आलेले नाहीत, उलटतपासणी झालेली नाही, रासायनिक अहवाल कधी आलेला असतो कधी नसतो, आणि न्यायाधीशाने सांगायचं की हा माणूस निर्दोष वाटतो. त्यात आरोपपत्रासाठी इतर गुन्ह्यांत ६० किंवा ९० दिवस मिळतात, तर इथे १८० दिवस, आणि विशेष न्यायालयाची परवानगी असेल तर एक वर्ष.

ही भाषा आपल्या ओळखीची आहे. जामिनाच्या याच दोन अटी १९८७ च्या टाडात होत्या. १९९९ च्या मकोकात आहेत. टाडाच्या नावाने आपल्या वडिलांच्या पिढीच्या अंगावर काटा यायचा. यूएपीएच्या जामिनाच्या कलमावर आपण चर्चासत्रं घेतो, लेख लिहितो, कुणाला चार वर्षं झाली, कुणाला पाच, याचा हिशेब ठेवतो. तीच चौकट एनडीपीएसमध्ये भेटली की आपणच पोलीस ठाण्यात जाऊन ती अजून घट्ट करा म्हणतो. कारण काय, तर इथे पकडला गेलेला 'नशेडी' आहे, 'आपला' नाही.

याहून जवळचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण दुरुस्ती कायदा आला. गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, राज्याबाहेर कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचं मांस घरात ठेवणं कलम ५ ड खाली गुन्हा ठरलं, आणि कलम ९ ब ने सांगितलं की गुन्हा घडला नाही हे आरोपीनेच सिद्ध करायचं. तेव्हा आपण काय म्हणत होतो ते आठवा. फ्रिजमधल्या डब्यातलं मटण कशाचं आहे हे मी का सिद्ध करू? पोलिसाने माझ्या स्वयंपाकघरात का यावं? ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. सुरेश गुप्ते यांच्या खंडपीठाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, पण ५ ड आणि ९ ब ही दोन्ही कलमं घटनाबाह्य ठरवली. अनुच्छेद २१ च्या संरक्षणात माणसाचं खासगी आयुष्य येतं, आणि सरकारने काहीच सिद्ध न करता सगळा भार आरोपीवर टाकता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. त्या दिवशी व्हॉट्सॲपवर किती मुबारकबाद फिरल्या!

मग ९ ब वाईट आणि कलम ३५ चांगलं, हे कोणत्या तत्त्वावर?

वकील मंडळी इथे मला थांबवतील, आणि त्यांचं म्हणणं नीट मांडायला हवं. एनडीपीएसचं ३५ आणि ५४ सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नूर आगा खटल्यात तपासलं आणि घटनेशी सुसंगत ठरवलं. मात्र एक अट घातली. माल खरोखर आरोपीच्या ताब्यात होता, जप्ती कायद्याप्रमाणे झाली, तपासणीला गेलेला नमुना त्याच मालाचा होता, एवढ्या पायाभूत गोष्टी सरकारने आधी सिद्ध केल्या पाहिजेत. त्यानंतरच ओझं आरोपीच्या खांद्यावर जाईल. ९ ब मध्ये असा पायाच नव्हता, म्हणून ते पडलं. फरक खरा आहे आणि मला तो मान्य आहे. पण हा पाया रचला जातो पंचनाम्यावर. पंच कोण असतात, त्याच ठाण्याच्या किती पंचनाम्यांवर त्यांच्या सह्या असतात, हे फौजदारी कोर्टाच्या आवारात दोन दिवस बसणाऱ्या कुणालाही विचारा. पंच फिरला तरी केवळ पोलिसांच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते, कायदा ते चालवून घेतो. म्हणजे पोलिसाने सांगायचं की पिशवी याच्या हातात होती, आणि तिथून पुढे सगळं गृहीत.

या कायद्यात आरोपीला जे थोडं संरक्षण उरलं आहे तेही लढूनच टिकलं आहे. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेण्याचा तुझा हक्क आहे, हे आरोपीला सांगणं कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे, असं घटनापीठाला १९९९ मध्ये बलदेव सिंग खटल्यात आणि पुन्हा २०१० मध्ये सांगावं लागलं. अधिकाऱ्यासमोर कलम ६७ खाली दिलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही, हे तूफान सिंग खटल्यात ठरायला २०२० साल उजाडलं, तेही दोन विरुद्ध एक मताने. तोवर ३५ वर्षं लोक बंद खोलीत लिहून घेतलेल्या कागदांवर तुरुंगात जात होते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, असं सांगणारा अनुच्छेद २०(३) मात्र १९५० पासून संविधानात आहे.

वजनाचा हिशेब तर करूनच दाखवते. अल्प्राझोलामची एक गोळी घ्या. औषध अर्धा मिलिग्रॅम, बाकी स्टार्च वगैरे मिळून गोळीचं वजन समजा १०० मिलिग्रॅम. अशा ११०० गोळ्यांत खरं औषध झालं ५५० मिलिग्रॅम, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या किंचित वर. अल्प्राझोलाम ५ ग्रॅमपर्यंत 'थोडं' धरतात, त्याची शिक्षा फार तर एक वर्ष. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शुद्ध अंशच मोजा असं म्हटलं होतं. सरकारने २००९ मध्ये अधिसूचना काढून ते फिरवलं आणि २०२० च्या हीरा सिंग निकालाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं. आता पिठासकट सगळं मोजायचं. ११०० गोळ्यांचे झाले ११० ग्रॅम. अल्प्राझोलामची कमर्शियल रेषा १०० ग्रॅमची. एक वर्षाची शिक्षा किमान १० वर्षांवर गेली आणि कलम ३७ लागू झालं, सगळं स्टार्चच्या जोरावर. आणि शुद्ध हेरॉइन २०० ग्रॅम बाळगणारा? २५० च्या खाली, मधला गट. त्याला किमान शिक्षा नाही आणि कलम ३७ चा अडसरही नाही. ११०० गोळ्या बाळगणारा पोरगा साधा नाही, तो विकतच असणार, हे मी मानते. त्याला शिक्षा व्हावी. पण अनुच्छेद १४ मध्ये 'समानता' नावाचा जो शब्द आहे त्याचं इथे काय झालं?

सरकारला नशेवर बंदी घालण्याचा अधिकारच नाही, असं म्हणणारे लोक जगात आहेत. मी त्यांच्यातली नाही. अमेरिकेला १९१९ मध्ये दारूबंदीसाठी घटनादुरुस्ती करावी लागली आणि १९३३ मध्ये दुसरी दुरुस्ती करून ती मागे घ्यावी लागली. आपल्या संविधानात अनुच्छेद ४७ पहिल्यापासून आहे. मादक पेयं आणि आरोग्याला घातक अमली पदार्थ यांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळून, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं तो सांगतो. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा कोल्हापूरचे बॅ. बाळासाहेब खर्डेकर व्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने दारूबंदीविरुद्ध उभे राहिले होते आणि जयपाल सिंग आदिवासींच्या प्रथांसाठी बोलले होते. त्यांचं म्हणणं टिकलं नाही, अनुच्छेद मंजूर झाला. माझं मत विचाराल तर ठीकच झालं. पण अनुच्छेद ४७ मार्गदर्शक तत्त्वांत बसतो. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा तेवढ्यापुरता रद्द, असं सांगणारा अनुच्छेद १३ त्याच्या आधी येतो. बंदी घाला, असं संविधान सांगतं. बंदीसाठी न्यायाची रीत उलटी करा, असं ते कुठेच सांगत नाही.

मुंबई राज्याने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला तेव्हाही हाच पेच आला. बलसारा नावाचे एक पारशी गृहस्थ न्यायालयात गेले. व्हिस्की, बिअरपासून ओ-डी-कोलोनपर्यंत सगळं बाळगण्याचा हक्क त्यांनी मागितला. मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला होते, त्यांनी कायद्याची बरीच कलमं उडवली. सर्वोच्च न्यायालयात मे १९५१ मध्ये निकाल लिहिला तो न्या. सय्यद फज़ल अली यांनी. त्यांनी बंदी कायम ठेवली, मात्र मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगण्यावरची मनाई काढली, आणि दारूची नुसती भलामण करण्याला गुन्हा ठरवणारी तरतूद अभिव्यक्तीच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केली. दोन मुसलमान न्यायाधीश, आणि समोर दारूचा खटला. हराम-हलालचा निवाडा त्यांच्याकडे मागितलेला नव्हता, सरकारचा हात कुठवर जावा एवढंच विचारलं होतं, आणि त्यांनी तेवढ्याचंच उत्तर दिलं. दोघांची उत्तरं सारखी आली नाहीत, पण दोघांनीही सरकारच्या हातासमोर कुठेतरी रेघ ओढली.

तिसरं नाव आपल्या पोरांना कुणीच शिकवत नाही. काझी सय्यद करीमुद्दीन, मध्य प्रांत व वऱ्हाडचे संविधान सभेतले सदस्य. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी एक दुरुस्ती मांडली होती. माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि मालमत्ता यांची अवाजवी झडती आणि जप्ती होणार नाही, हा मूलभूत हक्क असावा. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारायची तयारी दाखवली. फौजदारी संहितेत हे संरक्षण आहेच, पण ते कायदेमंडळाला हात लावता येणार नाही अशा जागी ठेवणं बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही मतदान पुढे ढकललं गेलं आणि शेवटी दुरुस्ती फेटाळली गेली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की घटनाकारांनी असा हक्क दिलेलाच नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी ती भूमिका मोडीत काढली आणि खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. वऱ्हाडच्या काझींनी १९४८ मध्ये मागितलेली गोष्ट मिळायला जवळपास ७० वर्षं लागली. एनडीपीएसचं कलम ४२ मात्र वॉरंटशिवाय घरात शिरण्याची मुभा देतं, आणि रात्री शिरायचं असेल तर अधिकाऱ्याने कारण लिहून ठेवलं की भागतं.

आता हजरत, मौलाना, तुमच्यासाठी. तुम्ही म्हणाल की हे सगळं झालं आंबेडकरांचं आणि कोर्टाचं, दीन काय म्हणतो? दीनच सांगते. हजरत उमर (रजि.) रात्री मदिन्यात गस्त घालत होते. एका घरातून गाण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले तर समोर माणूस, सोबत बाई आणि दारू. उमर संतापले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी अल्लाहचा एक हुकूम मोडला, तुम्ही तीन मोडलेत. हेरगिरीला मनाई आहे, तुम्ही केलीत. घरात दारातून यायचा हुकूम आहे, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी घेऊन सलाम करून यायला सांगितलं आहे, तुम्ही तेही केलं नाही. उमर माघारी फिरले. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये ही रिवायत दिली आहे. तिचा आधार सूरह हुजुरातची बारावी आयत आहे, जी तुम्ही गीबतीवर बयान करताना दर महिन्याला सांगता. त्याच आयतीत हेरगिरीलाही मनाई आहे, तिथे मात्र तुमचं बयान थांबत नाही. आणि पुरावा द्यायची जबाबदारी दावा करणाऱ्यावर, शंका असेल तर हदची शिक्षा टाळा, हे फिकहचे कायदे तुम्ही मदरशात पाठ केलेत. कलम ३५ समोर ठेवा आणि सांगा की ते यातल्या कशात बसतं.

मोठे मासे सुटतील, असं म्हटलं जातं. मोठे मासे आजही आत राहतात कुठे? २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये एमडी प्रकरणातला एक बडा आरोपी पुण्याच्या ससूनमधून पळाला, जिथे तो उपचाराच्या नावाखाली महिनोन् महिने होता. कायद्यात सगळं कडक होतं, कलम ३७ सुद्धा. दुसरीकडे, २०२१ मध्ये शाहरुख खानच्या मुलाकडे काहीच सापडलं नव्हतं, तरी त्याला बाहेर यायला मॅजिस्ट्रेट, विशेष न्यायालय आणि उच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या चढाव्या लागल्या आणि देशातले सगळ्यात महागडे वकील लागले. पुढे मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून एनसीबीने त्याचं नाव आरोपपत्रात घातलंच नाही. तो साधारण चार आठवडे आत होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. रवींद्र भट यांच्यासमोर गांजाच्या प्रकरणातला एक तरुण आला, अटक झाली तेव्हा २३ वर्षांचा. सात वर्षांहून जास्त काळ आत, खटला संपायचं चिन्ह नाही. कलम ३७ शब्दशः वाचलं तर जामीन कधीच मिळणार नाही, आणि खटला असा रेंगाळला तर जामीन द्यावाच लागेल, असं न्यायालयाने सांगितलं आणि त्याला सोडलं. त्याचं नाव मी लिहीत नाही, ते आपल्यातलंच आहे एवढं सांगते. तुरुंगांच्या सरकारी आकडेवारीत कच्च्या कैद्यांमध्ये मुसलमानांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा वर्षानुवर्षं जास्त असतो. मग जामीन नसलेला कायदा अजून कडक करा म्हणताना आपण कुणाच्या पोरांबद्दल बोलतो आहोत?

आणि सरकारची नशेविरुद्धची कळकळ खरी आहे, असं समजायचंही कारण नाही. एम्सने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दारू पिणारे सुमारे १६ कोटी निघाले आणि भांग, गांजा, चरस घेणारे ३ कोटींच्या आसपास. दारूच्या दुकानाला राज्य परवाना देतं आणि तिजोरी भरतं. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ मध्ये आणली, २०२१ मध्ये उठवली. भांगेची नुसती पानं एनडीपीएसच्या व्याख्येतून १९८५ मध्येच वगळलेली आहेत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला त्याची खबर अजून पोचलेली नाही.

१९८५ मध्ये हा कायदा आला आणि १९८६ मध्ये पुण्यात अनिल आणि सुनंदा अवचटांनी मुक्तांगण सुरू केलं. तेव्हा शहरात गर्दचा सुळसुळाट होता. एकाच काळात एकाच रोगावर दोन उपाय निघाले. पहिल्यावर आपण निवेदनं देतो. दुसऱ्यासारखं केंद्र आपल्या किती मोहल्ल्यांत आहे? याच कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालवू नये, असं त्यात म्हटलं आहे. हे कलम मी मोहल्ला कमिटीच्या दोन बैठकांत विचारलं, कुणालाच माहीत नव्हतं. आणि उपचाराला पाठवायचं तर केंद्र कुठे आहे? जकातीचा पैसा दरवर्षी आपण शिलाई मशीन आणि रेशन किटवर वाटतो, तो वाटावाच. त्यातला काही हिस्सा कर्जाने पिचलेल्या व्यसनी घरांना आणि त्यांच्या इलाजाला देता येईल का, हे मुफ्ती साहेबांना विचारायचं धाडस कमिटीने करावं.

कडक कायद्याने धाक बसतो, हा शेवटचा मुद्दा माझ्या एका सहकारी शिक्षकाने मांडला. ते विज्ञान शिकवतात, म्हणून मी त्यांना प्रयोगाचं उदाहरण दिलं. सक्तीच्या फाशीचं कलम १९८९ पासून होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ती सक्ती घटनाबाह्य मानली आणि फाशी न्यायाधीशाच्या विवेकावर सोडली. २०१४ मध्ये संसदेनेही कायद्यात तसा बदल केला. सक्तीची फाशी कागदावर असलेल्या त्या पंचवीस वर्षांत गर्द आलं, सिरप आलं, बटन आलं, एमडी आलं. बाजार काही बंद पडला नाही. ते म्हणाले, "मॅडम, मग करायचं काय?" मी म्हटलं, मेडिकल दुकानदारांकडून चिठ्ठीशिवाय पत्ते बाहेर कसे जातात त्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा, दुकानाच्या नावासकट. त्यावर दुकानदाराचा भाऊ कमिटीत आहे, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे दुकानदाराचं नाव निवेदनात येणार नाही आणि पोराला मात्र जामीन नको. या निवेदनाचा नवा मसुदा कमिटीकडे आहे असं कळतं. त्यातलं फाशीचं आणि जामिनाचं वाक्य काढा. सरकारी रुग्णालयात व्यसनमुक्तीच्या खाटा मागा, कलम ६४ अ प्रमाणे उपचाराची सोय मागा, झडतीच्या वेळी कलम ५० पाळलं जावं हे लिहा, आणि औषध दुकानांची तपासणी मागा, कमिटीतल्या भावाच्या दुकानासकट. अशा कागदावर पहिली सही मी करीन, आणि ठाण्यात द्यायलाही सोबत येईन.